थकबाकीच्या यादीतून मावशींचं नाव काढा
मराठी ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिट्यांच्या सभासदांना खुलं पत्र

पाळकसाहेब आणि कमिटीतल्या बंधुभगिनींनो,

प्रभूच्या नावात सलाम.

गेली 11 वर्षं मी नगर जिल्ह्यातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारचं अर्पण मोजते. उपासना संपून लोक अंगणात चहाला थांबले की आम्ही दोघी-तिघी वेस्ट्रीत, म्हणजे चर्चच्या बाजूच्या खोलीत, बसतो. थैल्या टेबलावर पालथ्या करायच्या, पाकिटं एका बाजूला, सुटे पैसे दुसऱ्या बाजूला. पाकिटावर नाव आणि नंबर असतो, त्यामुळे ती रक्कम वहीत त्या त्या नावापुढे चढते. सुट्या पैशांची मात्र एकच ओळ: ‘थैलीतील अर्पण’ आणि पुढे आकडा. इतक्या वर्षांत हाताला नोटा ओळखू यायला लागल्या आहेत. कोणाची नोट कोरी करकरीत, नुकतीच एटीएममधून निघालेली. कोणाच्या नोटेला कांद्याचा वास. एक दहाची नोट दर रविवारी यायची, आठ घड्या घातलेली, पदराच्या गाठीत राहून राहून बटणाएवढी झालेली. फाटू नये म्हणून मी ती नखानं हळूहळू सोडवायचे. कधी नोटेऐवजी पाचचं नाणं असायचं. ऊसतोडीच्या दिवसांत ती नोट दिसायची नाही.

ती कोणाची हे मला माहीत होतं. नवरा जाऊन 20 वर्षं झालेल्या, मुलगा-सुनेबरोबर कारखान्यावर जाणाऱ्या आमच्या मंडळीतल्या एका मावशी. मागच्या पावसाळ्यात त्या वारल्या. दफनभूमीतल्या जागेसाठी मुलगा रात्री कमिटीकडे आला, तेव्हा त्याला सांगण्यात आलं की आईची 36 महिन्यांची वर्गणी बाकी आहे, आधी ती भर आणि पावती घे. घरात मयत, बाहेर पाऊस. तो मुकादमाकडे गेला आणि पुढच्या हंगामाच्या उचलीतून 3,600 रुपये घेऊन आला. पावतीपुस्तक माझ्याकडे असतं. पावती मी फाडली. तिच्यावरचं अक्षर माझं आहे.

दफनविधी झाल्यावर मी वही उघडून बसले. मावशींच्या नावापुढे 36 चौकोन रिकामे होते. मावशींना लिहिता येत नव्हतं, पाकिटावर नाव घालायला कोणाला सांगायचं म्हणून त्या थैलीतच टाकायच्या. एकदा मीच त्यांना म्हटलं होतं, मावशी, पाकीट घ्या, मी नाव घालून देते. त्या म्हणाल्या, ‘कशाला बाई, ज्याला दिलंय त्याला ठाव हाये.’ उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे प्रभूनं मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात सांगितलं. ते शब्दशः पाळणारी बाई आमच्या वहीत थकबाकीदार ठरली.

मंडळीचं नाव मी लिहीत नाही. पत्र सगळ्यांना लिहिते आहे, कारण माहेरच्या आणि सासरच्या नात्यागोत्यातून ज्या मंडळ्या मला ठाऊक आहेत त्यांतल्या काहींत दाराशेजारच्या फळ्यावर ‘दशमांश बाकी’, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग न दिलेल्यांची, अशी यादी लागते. कुठे वार्षिक सभेत ती वाचून दाखवतात. कुठे लग्नाच्या घोषणेआधी, बाळाच्या बाप्तिस्म्याआधी पावती बघतात. हे करणारे वाईट लोक आहेत असं मला म्हणायचं नाही. कमिटीवर मीही तीन वर्षं होते. इमारतीचं छत गळतं, वीजबिल येतं, गावच्या पाळकाला मिळणारा पगार सांगायची लाज वाटावी इतका असतो, आणि परदेशातून मिशनचा पैसा यायचे दिवस केव्हाच संपले. पैसा आपल्यातूनच उभा राहायला हवा, हे मला मान्य आहे. माझं मागणं एवढंच आहे: दशमांश शिकवा, मागा, त्याबद्दल पुलपिटावरून खुशाल बोला. पण तो वसूल करू नका.

दशमांशाच्या विरोधात मी नाही, हे आधी सांगते, नाहीतर पत्राचा अर्थ भलताच व्हायचा. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हाच्या पहिल्या पगारापासून आजच्या पेन्शनपर्यंत दहावा भाग मी बाजूला काढत आले. ते मला कोणी सक्तीनं शिकवलं नाही. आमच्या घरी चुलीमागच्या फळीवर एक पितळी डबा होता. आई दळणाला बसण्याआधी, नंतर गिरणीत पाठवण्याआधी, पायलीतून एक मूठ बाजरी त्या डब्यात टाकायची. मूठ भरताना ती काहीतरी पुटपुटायची, आम्हा भावंडांना वाटायचं मोजते आहे. मोठी झाल्यावर कळलं, ती घरातल्या एकेकाचं नाव घेत होती. शनिवारी डबा फडक्यात रिकामा व्हायचा आणि रविवारी ते गाठोडं वेदीपाशी जायचं. दुष्काळाच्या वर्षी आम्ही सरकारी मिलोवर, त्या लाल ज्वारीवर, दिवस काढले, तेव्हाही मूठ चुकली नाही. फक्त मूठ लहान झाली. आई बोटं जरा आवळून घ्यायची, एवढंच. तिच्या मुठीचं माप कोणी तपासलं नाही, म्हणून ती आयुष्यभर देत राहिली असं मला आज वाटतं. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायका शंभरहून अधिक वर्षं प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ असाच बाजूला ठेवत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर त्यांच्या मंडळीनं सेवक पाठवले. हे वाचलं तेव्हा मला आपल्याच घरातली चूल दिसली.

आता शास्त्राचं बोलू. आपल्याकडे दशमांशाचा रविवार आला की बायबलमधल्या मलाखी संदेष्ट्याचा तिसरा अध्याय निघतो. दहावं वचन: दशमांश भांडारात आणा आणि मी आकाशकपाटे उघडतो की नाही ते पाहा. त्याच्या आधीचं आठवंही वाचतात, माणूस देवाला ठकवतो काय, ते. ‘ठकवतो’ हा शब्द उच्चारताना काही जणांची बोटं बाकांकडे वळतात, ते मी मागच्या बाकावरून पाहिलं आहे. पण याच अध्यायातलं पाचवं वचन मी दशमांशाच्या उपदेशात कधी ऐकलं नाही. तिथे परमेश्वर न्यायाला येतो तो कोणाविरुद्ध? मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा आणि अनाथांवर जुलूम करणाऱ्यांविरुद्ध, परक्याचा हक्क डावलणाऱ्यांविरुद्ध. पाचवं वचन गाळून दहाव्यावर उडी मारली की मलाखी कर्जवसुलीचा अधिकारी होतो.

आणि भांडार भरायचं कशासाठी? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा चौदावा अध्याय शेवटापर्यंत वाचा, मी विनंती करते. तिथे दशमांश घेऊन माणूस आपल्या घरच्यांसह देवासमोर जातो आणि तिथे बसून खातो, आनंद करतो. वाट लांबची असेल तर धान्य विकून पैसे गाठीला बांधून न्यायचे आणि तिथे जाऊन मनाला वाटेल ते विकत घ्यायचं, गुरं, मेंढरं, द्राक्षारससुद्धा. दशमांश म्हणजे देवाच्या पंगतीत बसणं आहे, हे त्या अध्यायात इतकं स्पष्ट आहे की पहिल्यांदा समजलं तेव्हा मी वाचता वाचता थांबले. मग येतं तिसरं वर्ष. त्या वर्षीचा सगळा दशमांश गावाच्या वेशीच्या आतच ठेवायचा. ज्याला वतन नाही तो देवसेवेच्या वंशातला लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी यावं आणि पोटभर खावं म्हणून. म्हणजे आमच्या मावशी दशमांश देणाऱ्यांच्या यादीत असायच्या आधी घेणाऱ्यांच्या यादीत होत्या. त्यांच्या दारात आपण धान्य घेऊन जायचं होतं. आपण त्यांच्या मुलाला उचल घ्यायला पाठवलं.

पंडिता रमाबाईंनी दुष्काळात केडगावला ज्यांच्यासाठी दार उघडलं त्या विधवा आणि अनाथ मुलीच होत्या. अनुवादातली ती यादी आपल्या मराठी मातीत याआधी वाचली गेली आहे आणि पाळलीही गेली आहे. मी काही नवीन करायला सांगत नाही.

हिशेबाचंच म्हणाल तर मोशेचं नियमशास्त्र आपल्या कमिट्यांपेक्षा पुष्कळ मऊ आहे. ‘लेवीय’ पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात कळपातली मेंढरं काठीखालून जातात आणि दहावं परमेश्वराचं होतं. आपल्याकडच्या धनगराला हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही, वाडग्याच्या तोंडाशी उभा राहून तो मेंढरं अशीच मोजतो. पण नऊच मेंढरं असली तर? दहावं काठीखालून जातच नाही. मालकानं बाकी राहिली म्हणून पुढच्या वर्षी दोन द्यावीत असं तिथे लिहिलेलं नाही. बाळंतिणीच्या अर्पणात कोकरू द्यायची ऐपत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिल्लं चालतात, आणि पापार्पणात तेवढंही नसेल तर थोडा सपीठ. मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन मंदिरात गेले तेव्हाचं अर्पण लूकानं लिहून ठेवलं आहे, ते गरिबाचंच आहे. आपल्या प्रभूच्या आईला कोकरू परवडलं नाही. मंदिरानं तिच्या नावापुढे बाकी लिहिली नाही.

पौलही करिंथकरांना हेच सांगतो. मनाची तयारी असली की ज्याच्याजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायातलं हे वचन आपल्या पावतीपुस्तकाच्या पुठ्ठ्यावर छापायला हवं.

दहावा भाग सगळ्यांना सारखा, असं म्हणतात. 80,000 पगाराच्या घरातून 8,000 गेले तरी मागे 72,000 राहतात. 300 रुपये रोजानं खुरपायला गेलेल्या बाईनं 30 दिले की 270 उरतात, त्यात तेल, मीठ, नातवाची वही आणि बीपीची गोळी. शिवाय तो रोज महिन्याचे तीसही दिवस मिळत नाही. कांद्याचं तर विचारूच नका. आमच्या एका सभासदानं मला पट्टी दाखवली होती. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाऊन हातात आलेली रक्कम बियाण्याच्या खर्चाइतकीही नव्हती. त्यानं विचारलं, बाई, हिचा दहावा कसा काढू? मी म्हटलं, या वर्षी मंडळीनं तुम्हाला द्यायचं आहे. ते रडले. त्यांना कोणी असं म्हणेल हे त्यांना खरंच वाटलं नव्हतं.

देणं कायद्यात बसवलं की त्याचं काय होतं, हे इतिहासानं दाखवलं आहे, आणि तो इतिहास आपल्या नगरच्या मंडळ्यांना जवळचा आहे. 1831 मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे सेवक नगरला आले. त्याच सुमारास आयर्लंडमध्ये कॅथलिक शेतकऱ्यांची गुरं प्रोटेस्टंट चर्चच्या दशमांशापायी जप्त होत होती, त्यावरून दंगे झाले, माणसं मेली. आपल्याकडे आलेल्या मिशनरींना पाठवणारं अमेरिकन बोर्ड होतं बोस्टनचं, म्हणजे मॅसॅच्युसेट्सचं. त्या राज्यात चर्चसाठी कर घेतला जायचा. तो न भरणाऱ्या बॅप्टिस्ट लोकांच्या जमिनी विकल्या गेल्याचे प्रकार अठराव्या शतकात तिथे घडले होते. तो कर शेवटी 1833 मध्ये रद्द झाला. आणि 1833 मध्येच नगरला पहिली मंडळी स्थापन झाली. मला हा योग फार मोलाचा वाटतो. ज्या वर्षी तिकडे सक्ती सुटली त्याच वर्षी इकडे आपल्या पूर्वजांनी एकत्र बसून प्रभुभोजन घेतलं. ते बहुतेक बिनजमिनीचे, गावकुसाबाहेरचे लोक. गावात बलुत्यासाठी दारोदार हात पसरावा लागायचा, त्या हातांना इथे पहिल्यांदा देणारे हात म्हणून मान मिळाला. आपली आजी-पणजी मूठभर धान्य घेऊन ताठ मानेनं चर्चला जायची ती यासाठी. थकबाकीची यादी लावून आपण त्याच घराण्यातल्या बाईची मान पुन्हा खाली घालतो आहोत. मला सगळ्यात जास्त दुखतं ते हे.

दुसऱ्या बाजूचाही एक धोका आहे, तोही बोलून टाकते. अलीकडे मैदानांवरच्या सभांतून ‘बी पेरा, शंभरपट उगवेल’ असं सांगून पैसे मागतात. कर्करोगाच्या रुग्णाच्या बायकोनं मंगळसूत्राचे मणी काढून दिलेले मी पाहिले आहेत. आपल्या मंडळ्यांतले पाळक असं करत नाहीत याबद्दल मी देवाचे आभार मानते. पण भीती घालणं आणि लालूच दाखवणं, दोन्हीकडे देवाचं नाव वापरून हात खिशाकडे नेला जातो. मार्काच्या बाराव्या अध्यायात विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आपण कौतुकानं सांगतो, तिच्या लगेच आधीचं वाक्य विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांबद्दल आहे. प्रभू भांडारासमोर बसून पाहत होता ते दोन्ही.

मग पाळकांचा पगार कसा भागायचा, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. माझ्या वहीचा अनुभव सांगते. वर्षभरात आमच्या मंडळीत पाकिटांची रक्कम सर्वांत जास्त वाढली ती कुठली यादी लावल्यावर नाही. एकदा छताच्या पत्र्यांसाठी जमलेल्या पैशाचा हिशेब, कोणत्या दुकानातून किती पत्रे, किती हूक, सुताराची मजुरी किती, असा पैशापर्यंत लिहून दारात लावला होता. पुढच्या तीन महिन्यांत न मागता अर्पण वाढलं. लोक यादीतलं स्वतःचं नाव वाचून द्यायला लागत नाहीत, खर्च वाचून देतात. पौलानं यरुशलेमसाठी जमवलेली देणगी एकट्यानं नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेली माणसं बरोबर घेतली, कोणी बोट ठेवू नये म्हणून, प्रभूच्या दृष्टीनं आणि माणसांच्याही दृष्टीनं चांगलं असावं म्हणून. आपल्या किती कमिट्या जमाखर्च वार्षिक सभेच्या आदल्या रात्रीपर्यंत कपाटात ठेवतात, हे आपलं आपण आठवावं.

फळ्यावर यादीच हवी असेल तर खर्चाची लावा. थैलीतलं अर्पण आणि पाकिटातलं अर्पण यांत फरक करू नका. ज्यांच्या घरात एकच मिळवता हात आहे किंवा एकही नाही, त्यांची नावं वर्गणीच्या वहीतून काढून मदतीच्या वहीत घाला. आणि बाप्तिस्मा, लग्न, दफन यांच्या आड पावती आणू नका, कोणाच्याही, श्रीमंताच्यासुद्धा. ‘गणना’ पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात लेव्यांना दशमांश मिळतो, पण मिळालेल्या दशमांशाचा दहावा भाग त्यांनाही अर्पावा लागतो. घेणारा देण्यातून सुटत नाही. मंडळीनंही आपल्या वर्षाच्या उत्पन्नातला दहावा भाग मुळातच बाजूला काढावा आणि तो वेशीच्या आतल्या विधवांना, अनाथांना, कामासाठी आलेल्या परक्यांना द्यावा. तो माणूस ख्रिस्ती आहे का हे विचारू नये. परक्याला ख्रिस्ती असण्याची अट मोशेनं घातलेली नव्हती.

सुगीच्या सणाला आमच्याकडे लिलाव होतो. भोपळे, कणसं, शेवग्याच्या शेंगा, कोंबडं. गेल्या वर्षी एका लहान मुलीनं एक अंडं आणलं होतं. ते कोणीतरी 50 रुपयांना घेतलं आणि परत वेदीवर ठेवलं, मग दुसऱ्यानं घेतलं आणि परत ठेवलं. असं ते सात वेळा विकलं गेलं. पोरगी प्रत्येक वेळी उभी राहून बघायची, आपलं अंडं अजून आहे का. सगळी मंडळी हसत होती. कोणाला बोलीची सक्ती नव्हती. मोजायला बसले तेव्हा माझ्या हाताला त्या नोटांचा भार वाटला नाही.

मावशींच्या पावतीची स्थळप्रत पुस्तकात आहे. ते 3,600 रुपये मंडळीनं मुलाला परत करावेत, असा अर्ज मी कमिटीला दिला, तेव्हा नियमात तरतूद नाही असं उत्तर मिळालं. मी पुन्हा मागते आहे, आणि या वेळी सगळ्यांसमोर. मुलानं ती उचल अजून फेडलेली नाही. दिवाळी झाली की टोळी कारखान्यावर निघेल. त्याआधी एखाद्या रविवारी कमिटीतल्या दोघांनी त्याच्या घरी जावं. पैसे पाकिटात घालून न्यावेत, पाकिटावर मावशींचं नाव मी घालून देईन.

आपली बहीण,
एका मंडळीत अर्पण मोजणारी